कमी पडलेलं वजन

"वजन कमी पडतंय," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना डावा डोळा मिटून उजवा तळहात हळूच वरखाली करायचे. तळहातावर काहीच नसायचं. कोळणीच्या पाटीतली सुरमई असो, कुणाच्या नव्या जावयाचं कौतुक असो, नाहीतर सरकारी पत्रक असो, एखादी गोष्ट पटली नाही की तो रिकामा तळहात पुढं यायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याचं एकच वाक्य सगळ्या गावानं पाठ केलेलं असतं, आणि त्याची पाठ वळली की कुणीतरी ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतं. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं. माझी नक्कल चांगली होती.

रेवदंड्याच्या हायस्कुलात ते गणित आणि विज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. शाळेला कारकून मिळालेला नव्हता, त्यामुळे कचेरीचं टपाल आणि एकुलता एक टाइपरायटर माझ्या ताब्यात असायचा. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढं जे झालं ते त्यामुळेच झालं.

ते चौलला राहायचे. पोफळीच्या वाडीत मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, घरात ते आणि वहिनी. मूलबाळ नव्हतं. रोज छत्री बगलेत मारून चालत शाळेत यायचे आणि चालत परत जायचे. मुंबईला बी.एस्सी. झाले होते. पुढं शिकायचं होतं, तेवढ्यात वडील गेले आणि ते गावी परतले, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापेक्षा जास्त कुणी विचारलंही नव्हतं.

वर्गात ते दोऱ्याला सुपारी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचे.

"सुपारी पळून का जात नाही रे?"

"सर, दोऱ्यानं धरलीय."

"आणखी जोरात फिरवली तर?"

"दोरा आणखी ताणेल."

"आणि दोऱ्यात तेवढा जोर नसेल तर?"

इथं ते दोरा सोडून द्यायचे. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब दारात उभे होते आणि सुपारी त्यांच्या चष्म्यावर बसली. साहेब काही बोलले नाहीत. आमचे हेडमास्तर मात्र महिनाभर बोलत होते.

हेडमास्तरांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. एका बक्षीस समारंभात त्यांनी चारित्र्य या विषयावर सव्वा तास भाषण केलं. नंतर शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "कसं काय झालं?" आम्ही सगळ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. यांनी मात्र खरोखरच विचार केला. डावा डोळा मिटला, तळहात पुढं आला.

"शब्द भरपूर होते, सर. पण वजन कमी पडतंय."

त्यात कुचेष्टा नव्हती. कुणी मोजून बघायला सांगितल्यावर मोजून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं होतं. हेडमास्तर हसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते मला किल्ल्याच्या तटाजवळ समुद्रावर घेऊन गेले. अंधार पडता पडता त्यांनी डोक्यावर बोट दाखवलं. बराच वेळ मला काही दिसेना. मग पुसट डागासारखं काहीतरी दिसलं, काचेवर फुंकर मारल्यावर दिसतं तसं.

"देवयानी," ते म्हणाले. "तो एक तारा नाही. आपली आकाशगंगा आहे ना, तशीच ती दुसरी. अब्जावधी तारे आहेत तिच्यात, आणि सगळे मधल्या गाभ्याभोवती फिरतायत."

"बरं."

"सूर्याजवळचा बुध पळतो आणि लांबचा शनी सावकाश चालतो. का?"

"लांब आहे म्हणून."

"बरोबर. लांब गेलं की सूर्याची ओढ कमी. शनी बुधासारखा पळायला लागला तर निसटूनच जाईल. आता या देवयानीकडे बघा. उजेड सगळा मधोमध. म्हणजे तारे मधोमध जास्त, वजन मधोमध जास्त. मग कडेचे तारे शनीसारखे सावकाश जायला हवेत की नको?"

"हवेत."

"जात नाहीत. अमेरिकेतल्या एका वेधशाळेनं मोजलंय. कडेचे तारे पळतायत, आणि पळूनसुद्धा निसटत नाहीत." अंधारात त्यांचा तळहात वरखाली झाला. "त्यांना धरून ठेवायला जेवढं वजन लागेल, तेवढं तिथं दिसत नाही."

"मग?"

"मग ते असणार. दिसत नाही, एवढंच."

मला भूक लागली होती आणि घरी बोंबील केलेले होते. ते मात्र वाळूत बसले.

"हा उजेड तिकडून निघाला तेव्हा माणूस नव्हता, सर. हिच्या पलीकडे आणखी आहेत, त्यांचा उजेड आणखी जुना. जेवढं लांब बघाल तेवढं मागचं दिसतं. मला शोधायचंय ते हे, की हे न दिसणारं वजन तेव्हाही असंच होतं का? की नंतर कुठून आलं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, वजन आधी होतं. त्याच्या ओढीनं वायू गोळा झाला आणि त्यातून तारे पेटले. उजेड मागाहून आला." मग जरा लाजून म्हणाले, "हे अजून गणितानं दाखवता आलेलं नाही. दाखवीन."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी हे सगळं तळहात पुढं करून म्हणून दाखवलं. ड्रॉइंगच्या मास्तरांना हसता हसता ठसका लागला. हेडमास्तर दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

हे काम ते कसं करायचे, तेही सांगायला हवं. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन एका वाचनालयात बसायचे. परदेशी वेधशाळांची पत्रकं तिथं यायची. त्यांतले तक्ते पेन्सिलीनं उतरवून आणायचे आणि वर्षभर त्यावर आकडेमोड करायचे. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. लेखाचे दोन भाग होते. पहिल्यात देवयानीचं कमी पडणारं वजन. दुसऱ्यात काळाचा प्रश्न, म्हणजे वजन आधी की उजेड आधी. रविवारी दुपारी वाडीतली केळी घेऊन ते माझ्या ओटीवर यायचे, आणि मी त्यांचं इंग्रजी दुरुस्त करायचो.

"तुमच्याशिवाय हे झालं नसतं," असं दर रविवारी म्हणायचे.

एकदा मी चौलला गेलो तेव्हा वहिनींनी चहाबरोबर पोहे दिले आणि दाराआडून म्हणाल्या, "भावजी, त्यांचं इंग्रजी नीट करून द्या हो. मला त्यातलं काही कळत नाही. पण जेवताना आमटीत बोट बुडवून ताटावर आकडे काढत बसतात. कुणीतरी शहाण्या माणसानं एकदा सांगावं, बरोबर आहे की चूक. म्हणजे जेवतील तरी."

त्याच महिन्यात हेडमास्तरांनी मला कचेरीत बोलावून दार लोटलं.

"यांना एक विलायती पत्र येऊ दे," ते म्हणाले. "बघू काय करतात."

मी नाही म्हटलं नाही. मला त्यांचा राग नव्हता, हेच सांगायला मला आजही अवघड जातं. राग असता तर सोपं झालं असतं. मी सात वर्षं तोच धडा, त्याच कविता शिकवत होतो, आणि हा माणूस माझ्या ओटीवर बसून कडेच्या ताऱ्यांबद्दल बोलायचा, माझ्या दुरुस्त केलेल्या इंग्रजीत. तेवढं मला पुरलं.

ज्या प्राध्यापकांचे तक्ते ते उतरवून आणायचे, त्यांचं नाव मी पत्राखाली घातलं. मी एका परिषदेसाठी पूर्वेकडे निघालो आहे, वाटेत मुंबईत उतरेन, वाचनालयातल्या लोकांकडून तुमच्या कामाबद्दल ऐकलं, हे पत्र माझे मुंबईतले स्नेही टपालात टाकतील, गुरुवारी सकाळी अकरा वाजता अमुक हॉटेलात भेटा, कागद बरोबर आणा. हेडमास्तरांना हसवायला म्हणून मी एक वाक्य जास्त घातलं, की तुमच्या विचारांचं वजन मला इतक्या लांबूनही जाणवतं. दोनदा खरडा केला. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं इंग्रजी तेच. हेडमास्तरांच्या पुतण्यानं ते मुंबईच्या टपालात टाकलं.

पत्र आलं ते मीच त्यांच्या हातात दिलं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी ते वाचलं. मग तळहातावर ठेवलं. या खेपेला हात वरखाली झाला नाही. ते एवढंच म्हणाले, "सर, तारीख नीट वाचा बरं. माझी काही चूक नको व्हायला."

संध्याकाळपर्यंत त्यांना खरं सांगून टाकायचं असं आमचं ठरलं होतं, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. काहीही ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर ते पत्र वाचून दाखवलं. सोनचाफ्याचा हार मागवला होता. गावातली चार प्रतिष्ठित माणसं आली, सरपंचांनी नारळ दिला. त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही. हेडमास्तरांनी त्यांना स्वतःचा काळा कोटही दिला. तो खांद्यात इतका सैल होता की बाह्यांतून बोटांची टोकंच दिसायची. वहिनींनी प्राध्यापकांसाठी वाडीतल्या सुपारीचा डबा भरून दिला. बुधवारी सकाळी ते एस.टी.त बसले, रेवसहून लाँच पकडायला. गाडी सुटताना मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ते शनिवारी परत आले. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे थांबलो होतो.

"भेट झाली नाही," ते म्हणाले. "हॉटेलच्या दारवानानं आत सोडलं नाही. मग एका बाबूनं वही बघितली, तर त्यात त्यांचं नाव नाही. मला वाटलं, उशिरा येणार असतील. म्हणून समोर समुद्राच्या कठड्याशी थांबलो. शुक्रवारीही थांबलो. गोरा माणूस उतरला की जाऊन नाव विचारायचो. दोघं-तिघं चिडले." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सर, तिकडं दिवस आपल्या मागं असतो ना? मग त्यांचा गुरुवार म्हणजे आपला शुक्रवार, की बुधवार? माझा तिथंच घोटाळा झाला असेल का?"

"असू शकेल," मी म्हटलं.

हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. ते उठून बाहेर गेले, आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हसले. मला ऐकू आलं. यांनाही ऐकू आलं असेल, पण त्याचा संबंध त्यांनी लावला नाही. सोमवारी त्यांनी कोट इस्त्री करून परत केला, आणि सुपारीचा डबा पोचवता आला नाही म्हणून तोही हेडमास्तरांनाच दिला. हेडमास्तर ती सुपारी वर्षभर खात होते. फार गोड सुपारी आहे, असं आम्हाला सांगायचे.

पुढच्या रविवारी ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले. प्राध्यापकांना माफीचं पत्र लिहिलं होतं. आपण मला वेळ दिलीत, मी दिवस मोजायला चुकलो, क्षमा असावी. सोबत लेखाचा पहिला भाग पाठवत आहे, आज्ञा झाली तर वजन आधी आणि उजेड नंतर हे मांडणारा दुसरा पाठवीन. पत्ता वेधशाळेच्या पत्रकावर छापलेला होता. तो खरा होता.

"एवढी मोठी माणसं," मी म्हटलं, "कशाला त्यांना त्रास?"

"त्रास माझ्यामुळेच झाला ना त्यांना. वेळ ठरवून मी गेलो नाही, असं त्यांना वाटत असेल." ते केळी ओटीवर ठेवत म्हणाले. "इंग्रजी बघा फक्त."

मी दोन ठिकाणी 'दि' घातला आणि कागद परत दिला. मी टपालात टाकतो म्हटलं, तर म्हणाले, नको, तुम्हाला आधीच फार त्रास देतो. स्वतः पोस्टात जाऊन त्यांनी ते रवाना केलं.

अडीच-तीन महिने गेले. मग एका सकाळी पोस्टमन कचेरीत आला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला, चांगला उमेदीचा माणूस. चौल त्याच्या वाटेवर नव्हतं, म्हणून त्यांचं टपाल तो शाळेतच द्यायचा.

"सर, गणितवाल्या सरांचं पत्र हाय. विलायतचं. तिकीट बघा कसं झकास हाय. ते मला ठेवा, आं."

मी हो म्हटलं आणि दार लावून पाकीट फोडलं.

पत्र टाइप केलेलं होतं, दीड पान. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की मी आपल्याला कधी पत्र लिहिलेलं नाही, मुंबईला येण्याचा माझा विचारही नव्हता. कुणीतरी माझं नाव वापरून आपल्याशी वाईट वागलं आहे. ते पत्र मला पाठवाल तर मी आपल्या शिक्षण खात्याला जरूर लिहीन. पुढं असं होतं: 'पण त्या माणसानं न कळत माझ्यावर उपकार केले आहेत, कारण त्यामुळे आपली पानं माझ्यापर्यंत पोचली. मी ती दोनदा वाचली. शेवटच्या तक्त्यात एक बेरीज चुकली आहे, त्यानं निष्कर्षात फरक पडत नाही. बाकी मला दोष सापडत नाही. हा फरक आमच्यापैकी काही जणांना दिसलेला आहे आणि बहुतेकांनी तो मोजमापाची चूक म्हणून बाजूला ठेवला. आपण ठेवला नाहीत. वजन आधी आणि उजेड नंतर, हे आपण दुसऱ्या भागात कसं मांडता याची मला उत्सुकता आहे. कृपया तो लवकर पाठवा.'

मी ते तीनदा वाचलं. मग पहिली ओळ आणखी एकदा वाचली. शिक्षण खातं, चौकशी, टाइपरायटर माझ्या ताब्यातला, आणि त्याच्या मोडक्या टाइपाची अक्षरं शाळेच्या दुसऱ्या कागदाशी ताडून कुणीही ओळखली असती. मी तिकीट कापून पोस्टमनसाठी बाजूला ठेवलं आणि पत्र माझ्या जाड शब्दकोशात घातलं. हेडमास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उत्तम केलंत." या खेपेला ते हसले नाहीत.

तिकीट द्यायला नको होतं. पोस्टमननं ते आपल्या पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवलं, आणि आठवड्याभरात ते यांच्या नजरेला पडलं.

मी कचेरीत होतो. ते दोघंही आत आले. पोस्टमन पिशवी उघडी धरून उभा होता.

"सर, हा म्हणतो, माझं विलायतचं पत्र आलं होतं."

"ते माझं होतं," मी म्हटलं. "अमेरिकेतल्या एका पुस्तकांच्या दुकानाचं सूचीपत्र. याला इंग्रजी नावं कुठं वाचता येतात?"

"न्हाय सर," पोस्टमन म्हणाला. "नाव त्यांचंच व्हतं. मी रोज वाचतो की त्यांचं नाव."

"मग मी खोटं बोलतोय का?"

पोस्टमननं यांच्याकडे पाहिलं. ते काय म्हणतात त्यावर सगळं होतं. यांनी पिशवीतल्या तिकिटाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, सर कशाला खोटं बोलतील? तुझीच गफलत झाली असेल. जा."

तो गेल्यावर ते मागं थांबले. मला वाटलं, आता विचारतील. "माफ करा, सर," ते म्हणाले. "त्याच्या नादानं मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

त्यानंतर त्यांनी पत्राची वाट बघणं सोडलं. उत्तर आलं नाही म्हणजे गणित चुकलंय, असं त्यांनी धरलं. त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. वह्या पुन्हा पहिल्या पानापासून काढल्या आणि चूक शोधायला सुरुवात केली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मोकळ्या तासाला, परीक्षेच्या देखरेखीला, मुलांच्या खेळाच्या मैदानाशेजारी, सगळीकडे ते लाल पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासत असायचे. केस पांढरे झाले. रविवारी येणं थांबलं. त्यांच्या मागं मी अजून नक्कल करायचो. न केली तर लोकांना शंका येईल, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर, ती मागितली जायची आणि मला ते आवडायचं.

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी ते धापा टाकत माझ्या वर्गाच्या दारात आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

"सापडली," ते म्हणाले. "शेवटच्या तक्त्यात. बेरीज चुकली होती, सर. साधी बेरीज."

मी खडू हातात धरून उभा राहिलो. त्या बेरजेनं काही बिघडत नाही, हे त्या क्षणी रेवदंड्यात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"त्यानं निष्कर्ष बदलतो का?" मी विचारलं. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा चांगुलपणा त्या प्रश्नात संपला.

"नाही बदलत," ते म्हणाले. "पण ज्याला बेरीज येत नाही, त्याच्या बाकीच्या गणितावर कोण विश्वास ठेवणार? मी असतो तर मीही नसतं उत्तर दिलं." मग हसले. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा. "बरं झालं सापडली. मी उगाच त्यांना बोल लावत होतो मनातल्या मनात."

मी म्हणायला हवं होतं, सर, थांबा. घरी जाऊन शब्दकोश आणायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "चला, एकदाचं सुटलात." आणि मुलांकडे वळलो.

ते खरोखरच सुटल्यासारखे दिसले. त्यानंतर देवयानी नाही, वाचनालय नाही. सुट्टीत वाडीत शिंपणं करायचे, शाळेत दहावी-अकरावीचं गणित शिकवायचे, तेवढंच. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "तुम्ही म्हणता तसंच असेल." तळहात पुढं येत नसे. हेडमास्तरांनी एका समारंभात पुन्हा चारित्र्यावर भाषण केलं आणि मुद्दाम यांना विचारलं, कसं झालं. "छान झालं, सर," ते म्हणाले. हेडमास्तर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले. चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी यांना विषमज्वर झाला. अलिबागला न्यायचं ठरलं, पण न्यायच्या आदल्या दिवशीच ते गेले. दोन मिनिटं शांतता पाळून शाळेनं त्या दिवशी सुट्टी दिली. मुलं आनंदानं घरी गेली.

तीन महिन्यांनी मी ते पत्र घेऊन चौलला गेलो. पश्चात्ताप म्हणून गेलो असं सांगता आलं तर बरं होतं. पण हेडमास्तर पुण्यात होते, टाइपरायटर भंगारात गेला होता, माझी नोकरी पक्की होती, आणि आता माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. ही खात्री झाल्यावर मी गेलो.

दुपारची वेळ होती. वहिनी ओटीवर सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या. मी पत्र काढलं आणि मराठीत वाचून दाखवलं. पहिली ओळही वाचली. ते खोटं पत्र कुणी लिहिलं, तेही सांगितलं. त्यांचा हात चालूच होता.

"हे कधी आलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे ते चूक शोधत होते तेव्हा हे तुमच्याकडे होतं."

"हो."

"आणि ती बेरजेची चूक यात लिहिलीय."

"हो. त्यानं फरक पडत नाही, असंही लिहिलंय."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दुसरा भाग पाठवा म्हणतात ना?"

"आपण आत्ताही पाठवू शकतो," मी घाईनं म्हटलं. "मी टाइप करून देतो. त्यांच्या नावानं छापून येईल. वह्या कुठं आहेत?"

"चूक सापडली त्या दिवशी त्यांनी वह्या आणून बंबाशी ठेवल्या," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू देत. तर म्हणाले, चुकीचं आहे, कशाला जागा अडवायची? रोज अंघोळीच्या आधी स्वतः बसून पानं फाडून द्यायचे. मी बंबात घालायची." त्यांनी कातरलेली सुपारी एका बाजूला सारली. "दोन महिने पुरल्या. पाणी छान तापायचं."

मी पत्र पुढं केलं. त्यांनी हात पुढं केला नाही.

"मला इंग्रजी येत नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतं. तुम्हीच ठेवा."

त्या उठून आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी घातली. चौलात भर दुपारी कुणी दाराला कडी घालत नसे.